पर्यावरणशास्त्राची इंटर्नशिप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंटर्नशिप नेमकं कशाला म्हणायचं? स्वयंसेवक म्हणून केलेलं काम त्यात धरतात का?

नदीकाठची एका दिवसाची सफाई किंवा झाडं लावण्याचा कार्यक्रम ही चांगली कामं आहेत, पण ती इंटर्नशिप नव्हे. इंटर्नशिपमध्ये कामाची व्याप्ती आणि मुदत ठरलेली असते आणि काम तपासणारा माणूसही ठरलेला असतो. ओळखायची खूण सोपी आहे. शेवटच्या दिवशी तुम्ही स्वतः केलेली एखादी गोष्ट मागे राहते का ते पाहा: नकाशा, तपासलेला डेटा, प्रजातींची यादी, कार्बनच्या हिशेबाचा तक्ता, काहीही. ती राहत असेल तर कागदावर ‘स्वयंसेवक’ लिहिलेलं असलं तरी बायोडेटात ते काम अभिमानाने लिहा. ती राहत नसेल, तर ‘इंटर्न’ या शब्दाचा पुढे फारसा उपयोग होत नाही.

कोणकोणत्या प्रकारची कामं मिळतात?

जाहिरातींमधली नावं फसवी असतात, म्हणून रोजचा दिवस कसा जातो तेच सांगतो.

जैवविविधतेच्या फील्डवर्कमध्ये पहाटे निघायचं, दुपारपर्यंत मोजणी करायची आणि संध्याकाळी नोंदी टंकायच्या. प्राण्यांचे फोटो मिळतील या आशेने आलेल्यांचा इथे पहिल्या आठवड्यात भ्रमनिरास होतो, कारण निम्मा वेळ नोंदीच करण्यात जातो. पाणी, माती आणि हवेच्या लॅबमध्ये बाटल्या धुणं, द्रावणं बनवणं, टायट्रेशन (थेंबाथेंबाने द्रावण घालून प्रमाण मोजणं) आणि पुन्हा बाटल्या धुणं असा क्रम असतो. कंटाळवाणं वाटतं, पण हाताला शिस्त इथेच लागते. जीआयएस (संगणकावर नकाशे बनवणं आणि त्यांचं विश्लेषण) आणि उपग्रह प्रतिमांचं काम घरूनही होऊ शकतं. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन करणाऱ्या सल्लागार संस्थांत जुने अहवाल चाळणं, तक्ते भरणं आणि अधूनमधून प्रकल्पस्थळी जाणं असतं. कंपन्यांच्या शाश्वतता विभागात वीजबिलं आणि इंधनाच्या पावत्या गोळा करून उत्सर्जनाचा हिशेब मांडायचा असतो. धोरण आणि कायद्याच्या संस्थांमध्ये वाचन आणि टिपणं. पर्यावरण शिक्षणाच्या संस्थांमध्ये मुलांसमोर उभं राहावं लागतं.

कितव्या वर्षी करावी?

पहिल्या वर्षी लांबची, मोठ्या नावाची जागा शोधण्यापेक्षा विभागातल्याच एखाद्या संशोधक विद्यार्थ्याला नमुने गोळा करायला मदत करा. दुसऱ्या वर्षानंतर बाहेरची इंटर्नशिप. शेवटच्या वर्षी मात्र ज्या दिशेने नोकरी किंवा पुढचं शिक्षण करायचं आहे, तिथलंच काम निवडा.

किती आठवड्यांची असावी?

निदान आठ. पहिले दोन आठवडे जागा, माणसं आणि पद्धत समजून घेण्यात जातात. शेवटचे दोन अहवालात जातात. म्हणजे खरं काम मधल्या चार आठवड्यांत होतं. चार आठवड्यांची इंटर्नशिप घेतली तर मधलं काही उरतच नाही, ते निरीक्षण होतं. घ्यायला हरकत नाही, पण तेवढीच अपेक्षा ठेवून घ्या.

आठवड्यांइतकाच ऋतूही महत्त्वाचा. बेडकांचा अभ्यास कोरड्या महिन्यांत होत नाही, वार्षिक वनस्पती फुलाशिवाय ओळखता येत नाहीत, आणि नदीतलं प्रदूषण पाणी कमी असताना जितकं दिसतं तितकं पुरात दिसत नाही, कारण जास्त पाण्यात ते विरळ होतं. सुट्टी आहे म्हणून विषय ठरवू नका. विषयाचा हंगाम सुट्टीत बसतो का ते आधी बघा.

अर्ज कधी आणि कुणाला करायचा?

तीन ते चार महिने आधी. संरक्षित क्षेत्रात काम असेल तर त्याहूनही आधी, कारण वनखात्याचे किंवा तत्सम परवाने अनेकदा माणसाच्या नावाने काढावे लागतात आणि तुमचं नाव त्यात उशिरा घालणं संस्थेलाही जड जातं.

सर्वसाधारण पत्त्यावर गेलेला मेल बहुतेक वेळा तिथेच पडून राहतो. संस्थेच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं काम पाहणारी व्यक्ती शोधा, तिचा एखादा अहवाल किंवा शोधनिबंध खरोखर वाचा आणि तिलाच लिहा. मेल सहा-सात वाक्यांचा पुरे: तुम्ही कोण, कोणत्या वर्षाला, त्यांच्या कोणत्या कामातली कोणती गोष्ट वाचली आणि त्यावर तुमचा एक नेमका प्रश्न, तुम्हाला काय येतं, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत वेळ आहे, राहण्याची सोय लागेल की नाही. बायोडेटा पीडीएफमध्ये जोडा आणि फाइलला स्वतःचं नाव द्या. ‘फायनल२’ नावाच्या पन्नास फायली समोरच्याकडे आधीच असतात.

उत्तर आलं नाही तर दहा दिवसांनी एकदा आठवण करा. नंतर नको.

‘मला निसर्गाची आवड आहे’ असं लिहू का?

नका. अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला ती असते. त्या जागी पुरावा द्या. ‘क्यूजीआयएस येतं’ (हे नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर) यापेक्षा ‘सेंटिनेल-२ या उपग्रहांच्या प्रतिमा वापरून आमच्या परिसरातल्या तलावाचं दोन वर्षांचं क्षेत्रफळ काढलं’ हे वाक्य दहापट बोलतं. ‘पक्षीनिरीक्षणाची आवड’ यापेक्षा ‘ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर वर्षभरात ६० पूर्ण याद्या नोंदवल्या’.

अनुभव शून्य आहे. एका महिन्यात काय शिकता येईल?

चार गोष्टी, आणि चारही फुकट.

स्प्रेडशीट: क्रमवारी, फिल्टर, पिव्हट टेबल आणि दोन तक्ते एका समान रकान्यावरून जोडणं. पर्यावरणाच्या कामातला फार मोठा वेळ इथेच जातो, म्हणून हे पहिलं.

क्यूजीआयएस: बिंदूंची फाइल नकाशावर आणणं, प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याची पद्धत) बदलणं, बहुभुज काढून क्षेत्रफळ मोजणं आणि प्रमाणपट्टी व उत्तरदिशेसह नकाशा छापणं.

ओळख: आसपासच्या ५० प्रजाती, कोणत्याही एका गटातल्या. झाडं सर्वांत सोपी, ती पळून जात नाहीत. नोंदी आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. फोटो, तारीख, जागा असलेली नोंद ‘रिसर्च ग्रेड’ होण्यासाठी ओळखणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक जणांचं प्रजातीच्या पातळीवर एकमत लागतं. त्या चर्चेत आपली ओळख का चुकली ते कळतं, आणि खरं शिक्षण तेच.

चौथी गोष्ट एखादं साधन. कॉलेजच्या लॅबमधला पीएच मीटर रोज स्वतः कॅलिब्रेट करा, म्हणजे ज्ञात पीएचच्या द्रावणाशी जुळवून घ्या. एवढ्यानेही मुलाखतीत फरक पडतो.

पैसे मिळत नसतील तर करावी का?

हिशेब करून ठरवा. प्रवास, राहणं आणि जेवण संस्था देत असेल, काम तुमच्या नावावर होणार असेल आणि मुदत दोन महिन्यांची असेल, तर विचार करायला हरकत नाही. सहा महिने पूर्णवेळ, विनामोबदला आणि एखाद्या पगारी माणसाचं नेहमीचं काम, असं असेल तर ती इंटर्नशिप नव्हे, फुकटची नोकरी आहे. तुमच्याकडूनच शुल्क घेऊन ‘संवर्धन इंटर्नशिप’ देणाऱ्या जागांबाबत अधिक सावध राहा. शुल्कातला किती भाग राहण्या-जेवणाचा आणि किती प्रकल्पाचा, डेटा कुठे प्रसिद्ध होतो, आणि वन्य प्राण्यांना हाताळू देतात का, हे विचारा. प्राण्यांना कुरवाळू देणाऱ्या जागेवर संशोधन होत नसतं.

होकार देण्याआधी काय विचारायचं?

आठवड्यातले दिवस आणि तास, रोज काम कोण बघणार, आणि शेवटी माझ्याकडून काय अपेक्षित आहे. विमा कुणाचा, फील्डवर दुखापत झाली तर जवळचं रुग्णालय किती अंतरावर. लैंगिक छळाविरुद्ध तक्रार कुणाकडे करायची. डेटा मला प्रबंधात वापरता येईल का. हे सगळं फोनवर बोला, पण नंतर ‘आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे’ म्हणून मेलवर लिहून पाठवा. प्रश्न विचारल्यामुळे जागा जाईल ही भीती खोटी आहे. गेलीच तर ती जागा तशीही घ्यायची नव्हती.

पाण्याचे नमुने घ्यायला सांगितलेत. सगळ्यात जास्त चुका कुठे होतात?

लॅबमध्ये नाही, काठावर. नदीत उतरताना प्रवाहाच्या खालच्या बाजूने जा, तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला ठेवा आणि पृष्ठभागाखाली २० ते ३० सेंटिमीटरवर बाटली उघडा. उलट बाजूने उतरलात तर तुमच्याच पायांनी उडालेला गाळ बाटलीत येतो आणि गढूळपणा, फॉस्फरस, धातू असं सगळं वाढलेलं दिसतं.

बाटली नमुन्याच्याच पाण्याने तीनदा विसळायची, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. त्याचे अपवाद मात्र पाठ नसतात. जिवाणूंच्या चाचणीची निर्जंतुक बाटली विसळायची नाही आणि काठोकाठ भरायचीही नाही, वर थोडी हवा ठेवायची, म्हणजे लॅबमध्ये नीट हलवता येते. तेल-ग्रीससाठी काचेची बाटली, तीही न विसळता, कारण तेल काचेला चिकटतं आणि विसळलं की पुढच्या मापात जास्त भरतं. ज्या बाटलीत आधीच आम्ल घातलेलं असतं ती तर विसळायचीच नाही.

मग घड्याळ. तापमान आणि पीएच जागेवरच मोजा. धातूंसाठी नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणला की नमुना सहा महिने टिकतो. नायट्रेटसाठी ४ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवून ४८ तासांत चाचणी करायची. जिवाणूंसाठी मात्र काही तासांचाच अवधी असतो, म्हणून त्या बाटल्या फेरीच्या शेवटी भरा.

विरघळलेला ऑक्सिजन विंकलर पद्धतीने मोजणार असाल तर ३०० मिलिलिटरची बीओडी बाटली (बीओडी म्हणजे सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंनी वापरलेला ऑक्सिजन) बुडबुडा न राहता भरा आणि मँगनस सल्फेट व अल्कली-आयोडाइड-अझाइड काठावरच घाला, तेही पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून. तपकिरी साका आला म्हणजे ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला म्हणजे जवळजवळ नाही. आम्ल घालून साका विरघळवल्यावर २०० मिलिलिटर मूळ नमुन्याएवढा भाग ०.०२५ एम (मोलर) थायोसल्फेटने टायट्रेट केला, तर जितके मिलिलिटर लागले तितकेच मिलिग्रॅम प्रतिलिटर. स्टार्च रंग फिका पिवळा झाल्यावरच घाला. आधी घातला तर आयोडीन त्यात अडकून राहतं आणि शेवटचा बिंदू पुढे सरकतो.

आलेला आकडा शक्य कोटीतला आहे का तेही तपासा. समुद्रसपाटीला २० अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात संपृक्त ऑक्सिजन ९.१ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आसपास असतो आणि ३० अंशाला ७.५ च्या. संथ पाण्यात, पहाटे, १२ आला तर बाटलीत हवा गेलीय. दुपारी हिरव्यागार तलावात १२ आला तर तो खरा असू शकतो, कारण शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं. म्हणूनच नोंदीत वेळ लिहायची.

बीओडीचा आकडा बाद का केला?

पाच दिवस, २० अंश, अंधारात ठेवल्यावर निदान २ मिलिग्रॅम प्रतिलिटर ऑक्सिजन खर्च झालेला असावा आणि निदान १ शिल्लक असावा. यापैकी एक अट मोडली तर विरलन (नमुना पाणी मिसळून पातळ करणं) चुकलं. म्हणून एका नमुन्याची तीन वेगवेगळी विरलनं लावतात. काही उष्ण प्रदेशांत २७ अंशांवर तीन दिवस ही पद्धत चालते. अहवालात कोणती वापरली ते न लिहिल्यास दोन नद्यांची तुलनाच निरर्थक ठरते.

पीएच मीटर रोज वेगळं सांगतो.

बहुधा इलेक्ट्रोड ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून ठेवलाय. तो ३ एम पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवायचा असतो, नाहीतर आतले क्षार बाहेर झिरपतात. रोज सकाळी ७ च्या बफरने आणि मग ४ किंवा १० च्या बफरने, म्हणजे नमुना ज्या बाजूला असेल त्या बाजूने, कॅलिब्रेट करा. वापरलेला बफर परत बाटलीत ओतू नका.

झाडांची मोजणी सोपी वाटते. त्यात काय चुकणार?

घेर आणि व्यास. टेपने मोजला तो घेर. सूत्रात हवा तो व्यास. घेर ९४ सेंटिमीटर असेल तर व्यास साधारण ३० (३.१४ ने भागून). रकान्यावर नुसतं ‘डीबीएच’ (छातीच्या उंचीवरचा व्यास) लिहून खाली घेर भरला तर खोडाचं काटछेदी क्षेत्र जवळजवळ दहापट होतं, आणि त्यावरून काढलेला कार्बनही फुगतो. प्रसिद्ध होण्याच्या उंबरठ्यावरचे अहवाल या एका चुकीने मागे घ्यावे लागतात. रकान्याला ‘घेर, सेंमी’ असं पूर्ण नाव द्या.

माप जमिनीपासून १.३ मीटरवर. उतारावर चढाच्या बाजूने उंची धरायची. त्याखालीच फांद्या फुटल्या असतील तर प्रत्येक खोड वेगळं मोजून एकाच झाडाखाली लिहायचं. आधारमुळं पसरलेली असतील तर त्यांच्या वर मोजून उंचीची नोंद करायची. वेल टेपच्या खाली घ्यायचा नाही.

चौकटी (मोजणीसाठी आखलेले चौरस) साधारणपणे गवत-रोपांसाठी १ × १ मीटर, झुडपांसाठी ५ × ५, झाडांसाठी १० × १० किंवा २० × २०. चौकट कुठे टाकायची ते आदल्या दिवशी यादृच्छिक आकडे काढून ठरवा. जागेवर गेल्यावर पाय आपोआप मोकळ्या, चालायला सोप्या, सुंदर जागेकडे वळतात आणि काटेरी कोपरा कायम मोजणीतून सुटतो. किती चौकटी पुरे? नव्या चौकटीत नवी प्रजाती सापडणं जवळपास थांबेपर्यंत.

कॅमेरा ट्रॅपमध्ये हजारो रिकामे फोटो का येतात?

कॅमेरा ट्रॅप समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढतो, आणि समोरचं गवत वाऱ्याने हलतं म्हणून. दोन-तीन मीटरपर्यंतचं गवत आणि लोंबत्या डहाळ्या बाजूला करा. कॅमेऱ्याचं तोंड उत्तर किंवा दक्षिणेला ठेवा, उगवता-मावळता सूर्य सेन्सरला चकवतो. मध्यम व मोठ्या सस्तन प्राण्यांसाठी उंची ४० ते ५० सेंटिमीटर. निघण्याआधी समोरून रांगत जाऊन फोटो येतो का पाहा. तारीख-वेळ तपासून कॅमेऱ्यासमोर ठिकाणाचा क्रमांक लिहिलेला कागद धरा. बॅटरी बदलल्यावर घड्याळ कारखान्यातल्या तारखेवर गेलेलं असलं, तर दोन महिन्यांची मेहनत दुरुस्त करायला तो कागदच कामी येतो.

माझे बिंदू नकाशावर भलत्याच देशात किंवा समुद्रात दिसतात.

अक्षांश आणि रेखांश उलटे भरलेत. क्यूजीआयएसमध्ये एक्स म्हणजे रेखांश, वाय म्हणजे अक्षांश. तसं नसेल तर अंश-मिनिट-सेकंदांतला आकडा दशांश अंश म्हणून वाचला गेलाय. दशांशानंतर पाच अंक ठेवा: पाचवा अंक म्हणजे साधारण एक मीटर. फोनच्या जीपीएसची अचूकता उघड्या आकाशाखालीही काही मीटरच असते, त्यामुळे आठ अंक लिहून काही साधत नाही.

क्षेत्रफळ ‘०.०००२’ असं काही आलं, तर तुम्ही अंशांमध्ये मोजताय. ईपीएसजी ४३२६ (अंशांत मोजणारी प्रणाली) मधून आपल्या भागाच्या यूटीएम (मीटरमध्ये मोजणारी प्रणाली) पट्ट्यात थर बदलून घ्या.

उपग्रह प्रतिमांवरून हिरवाई वाढली की घटली हे काढायचंय. कोणत्या वापरू?

सेंटिनेल-२ ची लाल आणि जवळच्या अवरक्त पट्ट्यांची विभेदनक्षमता १० मीटर आहे आणि दोन उपग्रह मिळून पाच दिवसांनी तीच जागा टिपतात. जुना काळ हवा असेल तर लँडसॅट: ३० मीटर, एका उपग्रहाची फेरी १६ दिवसांची, आणि या मालिकेतला पहिला उपग्रह १९७२ चा. एनडीव्हीआय या हिरवाई मोजणाऱ्या निर्देशांकासाठी सेंटिनेल-२ मध्ये पट्टे ८ आणि ४, लँडसॅट ८ मध्ये ५ आणि ४.

सापळे दोन. पहिला: तुलना एकाच ऋतूतल्या प्रतिमांची करायची. ओल्या महिन्याची तुलना कोरड्या महिन्याशी केली तर पाऊस मोजला जातो, जंगल नाही. दुसरा सापळा आतला आहे. जानेवारी २०२२ च्या अखेरीपासून सेंटिनेल-२ च्या आकड्यांत १००० ची भर घालून देतात. ती वजा न करता २०२१ आणि २०२३ ची तुलना केली की सगळीकडे हिरवाई घटलेली दिसते. गूगल अर्थ इंजिनवर ‘हार्मोनाइज्ड’ नावाचा संच घेतला की ही अडचण राहत नाही. ढगांच्या सावल्याही वगळा, नुसते ढग वगळून भागत नाही.

हवेचा स्वस्त सेन्सर दिलाय. आकड्यांवर विश्वास ठेवू का?

आधी एक-दोन आठवडे तो अधिकृत मापन केंद्राच्या शेजारी ठेवून दोन्ही आकड्यांतला संबंध काढा. हे सेन्सर कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतात. आर्द्रता वाढली की कण पाणी शोषून फुगतात आणि पीएम २.५ (हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचं प्रमाण) उगाच जास्त दिसतं. म्हणून तापमान आणि आर्द्रता सोबत नोंदवल्याशिवाय तो डेटा अपुराच.

आवाजाच्या मोजणीची सरासरी कशी काढतात?

साधी सरासरी काढत नाहीत. डेसिबल हे लॉगरिदमिक माप आहे. निम्मा वेळ ६० आणि निम्मा वेळ ८० डेसिबल असेल तर समतुल्य पातळी ७० नाही, सुमारे ७७ येते. दोन सारखे ६० डेसिबलचे स्रोत एकत्र आले तर ६३. मीटर जमिनीपासून १.२ ते १.५ मीटरवर, भिंतींपासून दूर आणि वाऱ्यासाठी फोमची टोपी चढवून ठेवा.

कचऱ्याचं ऑडिट करायचंय. एक दिवस पुरेल?

नाही. आठवड्याचे सातही दिवस हवेत, कारण सुट्टीच्या दिवशीचा कचरा वेगळाच असतो. ढीग नीट कालवून चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, पुन्हा कालवा. अशा रीतीने सुमारे १०० किलोचा नमुना उरवून मग वर्गवारी करा. रिकाम्या बादलीचं वजन आधी वजा करा. ओला कचरा त्याच दिवशी तोला, रात्रभरात त्यातलं पाणी निघून जातं. जाड हातमोजे, बंद बूट आणि धनुर्वाताची लस यांशिवाय ढिगाला हात लावू नका. तुमची वर्गवारी आणि संस्थेला द्यायचे वर्ग पहिल्याच दिवशी जुळवून घ्या. ‘इतर’ या खान्यात निम्मा कचरा गेला, तर ऑडिट झालंच नाही असं समजा.

कंपनीने कार्बन फूटप्रिंट काढायला सांगितलंय. सुरुवात कुठून?

हद्द ठरवण्यापासून: कोणत्या इमारती, कोणतं वर्ष. जीएचजी प्रोटोकॉल या हरितगृह वायूंच्या हिशेबाच्या मानकानुसार स्कोप १ म्हणजे स्वतः जाळलेलं इंधन आणि स्वतःची गळती, स्कोप २ म्हणजे विकत घेतलेली वीज, स्कोप ३ म्हणजे बाकीची साखळी, तिचे १५ प्रकार. दोन महिन्यांत स्कोप १ आणि २ पूर्ण, आणि ३ मधले एक-दोन प्रकार नीट, एवढंच हाती घ्या.

डिझेलचा एक लिटर जाळला की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड, पेट्रोलचा २.३. विजेचा गुणक (एका युनिटमागचं उत्सर्जन) देशागणिक आणि वर्षागणिक बदलतो, म्हणून ज्या वर्षाचं बिल त्याच वर्षाचा गुणक. हमखास विसरली जाते ती एसीतल्या वायूची गळती: आर-४१०ए चा एक किलो म्हणजे सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम. देखभालीच्या नोंदवहीत वायू किती किलो भरला ते पाहा. जितका भरला तितका आधी गळाला. आणि प्रत्येक आकड्यापुढे तो कोणत्या बिलावरून घेतला ते लिहा. तपासनीस पहिलं तेच मागतो.

नोंदवही फोनवर ठेवली तर चालेल?

फोन हवाच, पण कागदावर पेन्सिलने लिहिलेली नोंदही हवी. शाई पावसात पसरते, फोनची बॅटरी संपते. पानाच्या माथ्यावर तारीख, वेळ, जागा, हवामान, निरीक्षकाची नावं. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहा, म्हणजे ०३/०४ हा मार्च की एप्रिल हा वाद उरत नाही. प्लॉटला ‘३-४’ असं नाव देऊ नका, स्प्रेडशीट त्याची तारीख करून टाकते. ‘प्ल०३’ असं द्या. चूक खोडू नका, एका रेघेने काटा.

शून्य, रिकामा रकाना आणि ‘मोजता आलं नाही’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पाहिलं आणि सापडलं नाही तर शून्य. पाहिलंच नाही तर ‘मोजलं नाही’. साधनाच्या मर्यादेहून कमी आलं तर ‘मर्यादेखाली’, आणि ती मर्यादा किती तेही. संध्याकाळी पानांचे फोटो काढा आणि त्याच रात्री टंका. आठवडाभराने स्वतःचंच अक्षर लागत नाही.

फील्डवर सुरक्षेसाठी काय?

एकटं जायचं नाही. परतण्याची वेळ मागे कुणाला तरी सांगून ठेवायची आणि ती उलटून किती वेळाने शोध सुरू करायचा तेही ठरवायचं. गुडघ्याच्या वर वाहतं पाणी असेल तर उतरू नका. साचलेल्या किंवा पुराच्या पाण्यात पायाला जखम असताना गेलात तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. साप चावला तर अवयव स्थिर ठेवून रुग्णालय गाठायचं. घट्ट आवळून बांधणं, कापणं, चोखणं यातलं काहीही नाही. मार्गदर्शकांनी धोकादायक वाटणारी गोष्ट सांगितली तर ‘मी हे करणार नाही’ म्हणायचा तुम्हाला हक्क आहे, आणि चांगल्या संस्थेत त्यामुळे तुमच्याबद्दल मत बिघडत नाही.

मार्गदर्शकांना वेळच नसतो, आणि मला फक्त डेटा एंट्री देतात.

आठवड्यातून वीस मिनिटांची ठरलेली वेळ मागा आणि जाताना तीन ओळी लिहून न्या: काय झालं, कुठे अडलं, कोणता निर्णय हवा. ‘वेळ द्या’ म्हटलं की मिळत नाही, ‘या दोनपैकी कोणतं करू’ विचारलं की पाच मिनिटांत उत्तर येतं.

डेटा एंट्री वाईट नसते. टंकताना विसंगती दिसतात: एकाच प्रजातीची तीन स्पेलिंगं, रात्री दोन वाजताची पक्षीगणना, ४० चा पीएच. त्यांची यादी करून द्या आणि त्याच डेटावर एक छोटा प्रश्न स्वतः मांडून परवानगी मागा. तीन आठवड्यांनीही काही बदललं नाही, तर महाविद्यालयातल्या समन्वयकांशी बोला.

डेटा कुणाचा? शोधनिबंधात माझं नाव येईल का?

डेटा सहसा संस्थेचा. प्रबंधात, सादरीकरणात किंवा समाजमाध्यमांवर वापरण्याआधी लेखी परवानगी घ्या. दुर्मीळ प्रजातींच्या नेमक्या जागा कधीच उघड करू नका. आयनॅचरलिस्टही धोक्यातल्या प्रजातींचं स्थान मुद्दाम पुसट करून दाखवतं. नुसते नमुने गोळा केल्याबद्दल बहुधा आभारात नाव येतं. विश्लेषण किंवा लेखन केलं असेल तर सहलेखक म्हणून नाव मागणं रास्त आहे, पण हे सुरुवातीलाच विचारा. हस्तलिखित तयार झाल्यावर विषय काढला की दोन्हीकडे कडवटपणा येतो.

चूक झाली, नमुने वाया गेले. सांगू का?

त्याच दिवशी सांगा. बाटल्या रात्रभर उन्हात किंवा बाहेर राहिल्या असतील, तर ते नमुने बाद करून पुन्हा घेता येतात. चूक लपवून आलेला आकडा अहवालात गेला की तो पुढे कुणीतरी उद्धृत करतं. अंदाजाने रकाना भरणं ही मात्र चूक नसून फसवणूक आहे, आणि ती पकडली जाते: बनावट आकड्यांत शेवटचा अंक शून्य किंवा पाच फार वेळा येतो.

अहवाल किती पानांचा लिहावा?

पंधरा पुरेत, त्यातली चार पद्धतीची. दुसऱ्या कुणी तुमचा अहवाल वाचून तेच काम तसंच करू शकेल, इतकी पद्धत स्पष्ट हवी. संस्थेचा इतिहास आणि ‘पर्यावरणाचे महत्त्व’ ही पानं सरळ काढून टाका, ती कुणी वाचत नाही.

शिफारसपत्र कसं मागायचं?

शेवटच्या आठवड्यात समक्ष विचारा आणि सोबत तुम्ही केलेल्या चार-पाच कामांची नेमकी यादी द्या. सहा महिन्यांनी मागितलं तर ‘मेहनती आणि प्रामाणिक’ असं कुणालाही लागू पडणारं पत्र मिळतं.

शेवटच्या दिवशी काय देऊन निघायचं?

एक फोल्डर. त्यात न बदललेला मूळ डेटा, साफ केलेला डेटा, नोंदवहीच्या पानांचे फोटो, नकाशे, अहवाल आणि ‘आधी हे वाचा’ नावाची एक साधी मजकूर फाइल: प्रत्येक रकान्याचा अर्थ, एकक, कोणत्या नोंदी का वगळल्या आणि काय अर्धवट राहिलं. साधनं धुऊन, पुसून, बॅटऱ्या काढून परत करा. पीएच इलेक्ट्रोडच्या टोपणात पोटॅशियम क्लोराइड आहे ना, तेवढं बघून जा.